एजंटाच्या हाती किती चाव्या?

'एजंट' हा शब्द मराठी घराला नवा नाही. विम्याचा हप्ता न्यायला येणारा एजंट, पोस्टातल्या आवर्त ठेवीचे पासबुक भरून आणणाऱ्या एजंटबाई, आरटीओच्या फाटकाबाहेर बसणारा एजंट, जागेचे व्यवहार जुळवून देणारा एजंट, या साऱ्यांशी आपला कधी ना कधी संबंध येतो. या माणसांविषयी आपले मत बरेवाईट काहीही असो, एक पथ्य आपण कुणी न शिकवता पाळतो. पासबुक देतो, पण कपाटाची किल्ली देत नाही. अर्जावर सही करतो, पण कोऱ्या चेकवर करत नाही. काम सांगतो आणि काम झाल्यावर पावती मागतो. हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आले आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत या जुन्या शब्दाला एक नवा धनी मिळाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा संगणकीय एजंट, म्हणजेच 'एआय एजंट'. आधी ही यंत्रे फक्त बोलत असत. प्रश्न विचारला की उत्तर देत, पत्राचा मसुदा करून देत. उत्तर चुकले तर आपण हसून सोडून देत होतो, कारण बोलण्याने जगातली कोणतीही वस्तू जागची हलत नव्हती. एजंटाचे तसे नाही. त्याला साध्या भाषेत काम सांगायचे आणि मग तो स्वतः संगणकाला आज्ञा देतो, नोंदी उघडतो, बदलतो, पुसतो. बोलणाऱ्याची चूक आणि करणाऱ्याची चूक यांत जो फरक आहे, तो इथे उभा राहतो. म्हणून या नव्या एजंटाच्या हाती किती चाव्या द्यायच्या, हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा राहिलेला नाही.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर एका विशिष्ट धंद्यात डोकावून पाहणे बरे. चित्रपटांसाठी ॲनिमेशन आणि दृश्य-करामती तयार करणारे स्टुडिओ आज मुंबई-पुण्यात मोठ्या संख्येने आहेत. १९९७ मध्ये मुंबईत सुरू झालेली प्राइम फोकस ही कंपनी २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्ह या नामवंत स्टुडिओशी जोडली गेली. त्यामुळे हॉलिवूडच्या पडद्यावर दिसणारी वाळवंटे आणि अवकाशयाने यांतला बराचसा भाग आपल्याकडच्या मुलामुलींच्या हातून जातो. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरातला मुलगा रात्री उशिरा अशाच स्टुडिओतून परतत असेल.

पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चित्रे झाली. ती शेकडो किंवा हजारो शॉट्समध्ये विभागलेली असतात आणि एकेका शॉटवर पाच-सात प्रकारची माणसे पाळीपाळीने काम करतात. एकाने हालचाल द्यायची, दुसऱ्याने प्रकाश, तिसऱ्याने सगळे थर एकत्र जुळवायचे. कोणता शॉट कुणाकडे आहे, कुठपर्यंत आला, दिग्दर्शकाने काय शेरा मारला, किती दिवस लागले, याचा हिशेब ठेवणारी एक मोठी वही लागते. ही वही म्हणजेच 'प्रॉडक्शन ट्रॅकिंग'ची प्रणाली. या क्षेत्रात सर्वांच्या परिचयाची प्रणाली 'शॉटगन' या नावाने जन्मली. तिची कंपनी २००६ मध्ये निघाली, २०१४ मध्ये ती ऑटोडेस्कने विकत घेतली, २०२१ मध्ये प्रणालीचे नाव 'शॉटग्रिड' झाले आणि आता तिला 'फ्लो प्रॉडक्शन ट्रॅकिंग' म्हणतात. 'कित्सू' नावाची दुसरी एक खुल्या परवान्याची प्रणालीही अनेक छोटे स्टुडिओ वापरतात.

वहीत प्रत्येक शॉटपुढे त्याची अवस्था लिहिलेली असते. थांबला आहे, चालू आहे, तपासणीस गेला आहे, पक्का झाला आहे, किंवा 'ओमिट', म्हणजे चित्रपटातून गळाला आहे. वाचायला हे शब्द कोरडे वाटतात. पण 'ओमिट' या एका शब्दाने कुणाचे तीन आठवड्यांचे काम थांबते, 'पक्का' या शब्दाने बाहेरून काम घेणाऱ्या एखाद्या कलावंताचे बिल निघते, आणि चुकीच्या तारखेने एखाद्या गटाचा रविवार जातो. गावच्या सातबाऱ्यावरच्या ओळीला जे मोल असते, तेच या वहीतल्या ओळीला त्या लोकांच्या दृष्टीने असते.

ही वही सांभाळणारे कोऑर्डिनेटर बहुधा विशी-पंचविशीतले असतात. दिवसभर नोंदी करा, विचारपूस करा, शुक्रवारी अहवाल द्या, हे कंटाळवाणे आणि न संपणारे काम. एजंट त्यांच्या मदतीला येणार, यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. 'या आठवड्यात दिग्दर्शकाचे शेरे आले पण अजून कुणाला वाटून दिले नाहीत असे शॉट कोणते?' या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसाला तास लागतो, एजंटाला मिनिट पुरते. ज्याने हे काम हाताने केले आहे, तो या मदतीला नाही म्हणणार नाही.

अडचण येते ती एजंट कोणत्या दाराने वहीत शिरतो तिथे. माणसासाठी या प्रणालीत रंगीत चौकटी असतात, बटणे असतात, 'खरेच पुसायचे का?' असे विचारणारी खिडकी असते. एजंटाला पुष्कळदा दिला जातो तो काळा पडदा, ज्याला 'कमांड लाइन' म्हणतात. तिथे शब्द टाइप करायचा आणि कळ दाबायची. यंत्रांना हा मार्ग सोयीचा, कारण तिथे सगळा कारभार अक्षरांचा. पण या काळ्या पडद्याची परंपरा मितभाषी आहे. आज्ञा बरोबर बजावली गेली तर पुष्कळदा तो काहीच बोलत नाही, आणि चुकीची आज्ञाही तितक्याच निमूटपणे बजावतो. एक शॉट बदलण्याची आज्ञा आणि सगळे शॉट बदलण्याची आज्ञा यांत कधी कधी एका शब्दाचे अंतर असते. गाळणी लावणारा तो शब्द राहिला, की एकाच्या जागी दोन हजार ओळी बदलतात.

या पडद्याने माणसांनाही सोडलेले नाही. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २'चे काम चालू असताना कुणीतरी फाइली पुसण्याची आज्ञा नको त्या जागी दिली आणि बहुतेक चित्रपट संगणकावरून नाहीसा झाला. राखीव प्रत काढायला गेले, तर ती यंत्रणाच नीट चालत नव्हती. चित्रपट वाचला तो गेलिन सस्मन या तंत्रदिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, दुय्यम संगणक समजून, मुख्य संगणकावरची माहिती पुसायला घेतली. चूक एक-दोन सेकंदांत ध्यानात आली, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. राखीव प्रतींच्या पाच व्यवस्थांपैकी एकही वेळेवर कामी आली नाही. सहा तासांपूर्वी योगायोगाने काढलेली एक प्रत सापडली म्हणून निभावले.

त्याच वर्षी, २८ फेब्रुवारीला, ॲमेझॉनच्या साठवण सेवेत एक आज्ञा चुकीची टाइप झाली आणि हवे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर बंद पडले. काही तास असंख्य संकेतस्थळे अडली. या प्रसंगानंतर कंपनीने काय केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिने आज्ञा पाळणारे साधनच बदलले. सर्व्हर एकदम नव्हे तर हळूहळू कमी व्हावेत आणि ठरावीक पातळीखाली जाऊच नयेत, अशी खीळ त्यात बसवली. माणूस पुन्हा चुकणार, हे गृहीत धरून केलेली ती दुरुस्ती होती.

आता एजंटाकडे येऊ. जुलै २०२५ मध्ये जेसन लेमकिन हे अमेरिकी उद्योजक रेप्लिट या कंपनीचा एआय एजंट वापरून एक कार्यप्रणाली तयार करत होते. 'आता काहीही बदलू नकोस' असे त्यांनी त्याला वारंवार, ठळक अक्षरांत बजावले होते. तरीही एजंटाने चालू व्यवहाराचा माहितीसाठा पुसून टाकला. वर, आता तो परत आणता येणार नाही असेही ठामपणे सांगितले. प्रत्यक्षात तो परत आणता आला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि सरावाचा माहितीसाठा व खरा माहितीसाठा यांची फारकत करण्याची व्यवस्था केली.

या प्रसंगात दोन धडे आहेत. पहिला असा की, सांगणे वेगळे आणि कुलूप लावणे वेगळे. एजंटाला दिलेली सूचना तो बहुतेक वेळा पाळतो, पण 'बहुतेक वेळा' या शब्दांवर कुणी तिजोरी उघडी ठेवत नाही. ज्याला फक्त वाचायचे आहे त्याला फक्त वाचण्याची किल्ली द्यावी. पुसण्याचा अधिकारच नसेल तर पुसण्याची चूकही होणार नाही. दुसरा धडा असा की, एजंट आपल्या कामाविषयी जे सांगतो तो पुरावा नव्हे. 'झाले' म्हणणे आणि झालेले दाखवणे यांतला फरक आपण बांधकामाच्या ठेकेदाराच्या बाबतीत कधी विसरत नाही. तो इथेही विसरू नये.

गंमत अशी की, एजंटाने कसे वागावे याचे उत्तम नियम आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहेत. १८७२च्या भारतीय करार कायद्यात एजंटावर एक अख्खे प्रकरण आहे. तो कायदा माणसांसाठी आहे. संगणकाचा कार्यक्रम त्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' नाही, हे उघड आहे. पण त्यामागचा विचार इतका व्यवहारी आहे, की आज एजंटासाठी सूचनापत्र लिहिणाऱ्याने तो समोर ठेवून बसावे.

कलम २११ म्हणते, एजंटाने मालकाच्या सूचनांप्रमाणे काम करावे आणि सूचना नसतील तिथे त्या जागच्या, त्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे. माणूस रिवाज चार दिवसांत पाहून शिकतो. एजंटाला तो लिहूनच द्यावा लागतो. 'काम संपलेले शॉट बंद कर' असे सांगितले, तर संपलेले म्हणजे कुणाच्या लेखी? कलावंताने हातावेगळे केलेले, सुपरवायझरने मान्य केलेले, की निर्मात्याने स्वीकारलेले? प्रत्येक स्टुडिओत उत्तर निराळे असते. तेव्हा सूचनापत्रात नेमके शब्द हवेत. कोणती अवस्था कुणी बदलायची, कोणती कुणीच परस्पर बदलायची नाही, शॉट ओळखायचा तो नावाने नव्हे तर त्याच्या नोंदणी क्रमांकाने. एकाच चित्रपटात दहा क्रमांकाचे शॉट अनेक प्रसंगांत असतात आणि नावावरून अंदाज बांधणे हीच बहुतेक गोंधळांची जननी असते.

सूचनापत्रातली पुढची पायरी म्हणजे रंगीत तालीम. चांगल्या साधनांत अशी सोय असते, की आज्ञा दिल्यावर ती बजावण्याआधी 'यामुळे अमुक इतक्या ओळी बदलतील' एवढेच दाखवले जाते. एजंटाने आधी वाचावे, मग तालीम करावी, ओळींचा आकडा मालकाला दाखवावा आणि होकार आल्यावरच हात घालावा. बारा शॉट बदलायचे होते आणि आकडा बाराशे दिसला, तर तिथेच थांबता येते. आपल्या महसूल खात्यात जमिनीचा फेरफार असाच होतो. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि वरचा अधिकारी प्रमाणित करतो तेव्हाच ती पक्की होते. या रेंगाळण्याला आपण नावे ठेवतो. पण ज्याची जमीन परस्पर दुसऱ्याच्या नावावर होता होता वाचली, त्याला त्या पंधरा दिवसांची किंमत विचारावी.

कलम २१४ तर जणू आजच्यासाठीच लिहिले आहे. अडचण आली तर एजंटाने मालकाशी संपर्क साधून त्याची सूचना घेण्याचा कसून प्रयत्न करावा, असे ते सांगते. संगणकी एजंटाचा स्वभाव नेमका उलट. त्याला काम पुरे करण्याची घाई असते. एक दार बंद दिसले की तो खिडकी शोधतो. परवानगी नाकारली गेली तर दुसऱ्या मार्गाने तेच करू पाहतो. माणसात आपण याला हुशारी म्हणतो, पण दुसऱ्याच्या वहीत ही हुशारी घातक ठरते. म्हणून सूचनापत्रात स्वच्छ लिहावे: आज्ञा नाकारली गेली, आकडा अनपेक्षित आला, दोन नोंदी सारख्याच दिसल्या, तर थांब आणि विचार. थांबणे हे अपयश धरले जाणार नाही.

मालक कोण, हेही त्याला समजावावे लागते. वहीत शेरे असतात, निरोप असतात, बाहेरच्यांनी लिहिलेला मजकूर असतो. एखाद्या शेऱ्यात 'हे सगळे शॉट पक्के करून टाका' असे लिहिलेले असले, तर माणसाला कळते की ही कुणाची तरी इच्छा आहे. एजंट मात्र ते वाक्य आपल्यालाच दिलेला हुकूम समजू शकतो, आणि कुणी हेतुपुरस्सर तसा मजकूर पेरूही शकते. फाइलीत सापडलेली चिठ्ठी हा मालकाचा आदेश नव्हे, हे कारकुनाला पहिल्या दिवशी शिकवतात. एजंटालाही तेच शिकवावे. तसेच कलम १९० सांगते, की स्वतः करण्याचे मान्य केलेले काम एजंटाने सहसा दुसऱ्यावर सोपवू नये. आजचे एजंट आपल्या हाताखाली आणखी एजंट उभे करतात, तेव्हा मूळ किल्ली कुणाकुणाकडे गेली याचा हिशेब हवाच.

हिशेबावर कलम २१३ आहे. मालकाने मागितला की एजंटाने चोख हिशेब दिला पाहिजे. याचा आजचा अर्थ असा, की एजंटाचे खाते वेगळे असावे, त्याची प्रत्येक आज्ञा त्याच्याच नावाने नोंदली जावी आणि प्रत्येक बदल उलटवता यावा. शॉटग्रिडसारख्या प्रणालीत बदलांची नोंदवही असते आणि पुसलेली ओळ आधी 'निवृत्त' होते, ती पुन्हा जिवंत करता येते. ही सोय आहे, पण ती वापरून पाहिलेली असावी. राखीव प्रत आहे असे समजणे आणि ती उघडून पाहणे यांतले अंतर पिक्सार आणि गिटलॅब यांनी मोजले आहे.

एक आक्षेप इथे रास्त आहे. प्रत्येक गोष्टीला विचारत बसणारा एजंट काय कामाचा? खरे आहे. शंभर वेळा 'करू का?' विचारले, की एकशे एकाव्या वेळी माणूस न वाचताच 'कर' म्हणतो. बँकेच्या अर्जावर पेन्सिलच्या फुल्या असतील तिथे तिथे आपण सह्या करत जातो, तसेच. म्हणून उतरंड हवी. वाचायला मुभा, किरकोळ आणि उलटवता येणाऱ्या बदलाला ठरावीक संख्येपर्यंत मुभा, घाऊक बदलाला होकार, आणि पुसण्याला बंदी. विचारणे दुर्मिळ असले तरच उत्तर जागेपणी दिले जाते.

आता खऱ्या प्रश्नाकडे. चूक झालीच, तर जबाबदार कोण? कायद्याचे कलम १८४ इथे डोळे उघडणारे आहे. त्याचा आशय असा, की तिऱ्हाइतांशी व्यवहारापुरता कुणीही एजंट होऊ शकतो, अगदी अज्ञानही. मात्र जो सज्ञान आणि शहाणा नाही, तो मालकाला जबाबदार राहत नाही. पोराच्या हाती निरोप देऊन सौदा केलात, तर सौदा तुमच्यावर बंधनकारक, पण नुकसानभरपाई पोराकडे मागता येणार नाही. संगणकी एजंटाची नैतिक जागा हीच आहे. त्याने केलेले आपल्याला बांधते, पण त्याला जाब विचारून काही हाती लागत नाही. ना त्याचा पगार कापता येतो, ना त्याला रात्रभर झोप येत नाही.

आणि म्हणूनच धोका असा आहे, की जाब शेवटी त्याला विचारला जाईल ज्याच्या नावाने तो एजंट चालत होता. एजंट आणायचे ठरवतो वरचा साहेब, किल्ली बनवतो तंत्रज्ञ, पण पडद्यासमोर बसलेली असते ती नुकती नोकरीला लागलेली तेवीस वर्षांची मुलगी. बाराशे शॉट गळाले, तर सकाळी बोलावणे तिला येईल. 'होकार तूच दिलास ना?' असे विचारले जाईल. तिला तालमीचा आकडा दिसत होता का, थांबण्याचा अधिकार होता का, शंभर होकारांत हा एक वेगळा ओळखण्याची सोय होती का, हे प्रश्न त्या वेळी कुणी विचारणार नाही.

ते प्रश्न आधी विचारले गेले पाहिजेत आणि त्यांची उत्तरे कागदावर असली पाहिजेत. आमच्या मते तीन गोष्टींची हमी मिळाल्याखेरीज कोणत्याही संस्थेने कर्मचाऱ्याला एजंट चालवायला सांगू नये. एजंट कर्मचाऱ्याच्या नावाने नव्हे, स्वतःच्या खात्याने चालेल. त्याचे अधिकार कोणी ठरवले, त्या अधिकाऱ्याचे नाव नोंदलेले असेल. आणि शंका आली म्हणून काम थांबवणाऱ्याला, मग कितीही उशीर होवो, दोष दिला जाणार नाही. यांतल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. खर्च आहे तो वरिष्ठांच्या सवयीला.

हे केवळ चित्रपटवाल्यांपुरते राहणारे नाही. बँकेचा खातेउतारा, इस्पितळातली केसपेपरची नोंद, शाळेतले गुणपत्रक, पालिकेचा जन्ममृत्यू दाखला, सगळ्याच वह्या आज संगणकात आहेत आणि त्यांच्याही दारात हा नवा एजंट येऊन उभा राहील. त्याला हाकलण्याचे कारण नाही, तो कष्ट वाचवणारा आहे. पण ज्या ओळीत कुणाचे कष्ट, पैसे किंवा नाव लिहिलेले आहे, ती बदलण्याआधी एका जबाबदार माणसाने ती वाचली पाहिजे, आणि ते वाचायला त्याला वेळ दिला गेला पाहिजे. सोय विकत घेताना हा वेळ वाचवू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: एजंट चुकला तर माफी मागायला तो येणार नाही. ती मालकालाच मागावी लागेल.